स्कॅन केलेल्या कागदांची मांडणी : फोल्डर लावायचे कसे?



आजचा पाठ संगणकाचा आहे, पण त्याची सुरुवात पहिलीच्या वर्गात करूया.

वर्गीकरण शिकवताना मी मुलांसमोर बटणांचा ढीग ओतते. लाल, निळी, पांढरी, गोल, चौकोनी, दोन भोकांची, चार भोकांची. "सारखी सारखी एकत्र करा" म्हटलं की पोरं कामाला लागतात. एका वर्षी एक मुलगी लाल बटणांचा एक आणि गोल बटणांचा एक असे दोन ढीग करून बसली होती. हातात एक लाल गोल बटण घेऊन तिनं विचारलं, "बाई, हे कुठं ठेवू?"

संगणकात फोल्डर करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हाच प्रश्न पडतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्यालाही पडला. पण तोवर त्याच्याकडं अकरा हजार बटणं साठली होती.

हा मुलगा गावात महा ई-सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, पॅन कार्ड, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म असं सगळं त्याच्याकडं चालतं. येणाऱ्या प्रत्येक माणसाचं आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा तो स्कॅन करतो. पाच वर्षांचे सगळे स्कॅन एकाच फोल्डरात होते. नावं काय, तर 'स्कॅन०००१', 'नवीन', 'नवीन नवीन २', 'आधार फायनल', 'आधार फायनल खरं'.

जुलै महिन्यात त्याच्याकडं एक बाई आली. मुलीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. म्हणून बहुतेक घरांत आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची शोधाशोध होते. या बाईनं सासऱ्यांचा जुना दाखला मागच्या वर्षी याच केंद्रात स्कॅन करून दिला होता. मूळ कागद पावसात भिजून गेला होता. "भाऊ, तुमच्याकडं आहे ना?" असं तिनं विचारलं. असायला होता, पण सापडला नाही. तीन तास शोधूनही नाही. मुलीची पहिली फेरी हुकली. त्या संध्याकाळी त्यानं मला फोन केला, "बाई, दिवाळीच्या सुट्टीत मला हे लावायला मदत कराल का?"

आम्ही काय केलं ते सविस्तर सांगते. शाळेतल्या मुख्याध्यापकांना, पतसंस्थेत काम करणाऱ्यांना, विमा एजंटांना, सगळ्यांनाच ते कामी येईल.

पहिल्या दिवशी एकाही फाइलला हात लावायचा नाही. आधी सगळा ढीग एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर जसाच्या तसा कॉपी करायचा आणि ती डिस्क कपाटात ठेवायची. आवरताना चुका होतातच. चूक झाली की मागं जायला जागा हवी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळते का बघा. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की आकडा दिसतो.

मग प्रश्न आला की ढीग पाडायचे कशावरून. त्याचं म्हणणं होतं, "बाई, आधारचा एक फोल्डर, रेशनकार्डाचा एक, दाखल्यांचा एक." वरवर हे बरोबर वाटतं, बरेच जण असंच करतात. मी त्याला विचारलं, "तुझ्याकडं येणारा माणूस काय म्हणतो? 'मला सगळ्यांची आधार कार्डं दाखवा' असं म्हणतो का?" तो हसला. येणारा म्हणतो, "माझे कागद काढा." म्हणजे प्रश्न माणसावरून सुरू होतो, तेव्हा पहिला ढीग माणसाचा. कागदाचा प्रकार फाइलच्या नावात जाईल आणि तारीखही नावातच जाईल. लाल गोल बटणाला एकच घर मिळतं, त्यामुळं ते घर विचारपूर्वक ठरवायचं आणि बाकीचे गुण त्याच्यावर चिठ्ठी लावून लिहायचे. ऑडिट फर्ममध्ये प्रश्न वर्षावरून सुरू होत असेल, तर तिथं पहिला ढीग वर्षाचा करावा. सगळीकडं एकच रचना चालत नाही. तुमच्याकडं रोज कोणता प्रश्न विचारला जातो, तो आधी आठवडाभर कागदावर लिहून काढा.

आता माणसाचा फोल्डर म्हणजे माणसाच्या नावाचा का? नाही. एकाच गावात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या तीन बायका सहज निघतात. लग्नानंतर नाव बदलतं. इंग्रजीत टाइप करताना लक्ष्मी कुणी 'एक्स' घालून लिहितं, कुणी 'केएसएच' घालून. नावावर भरवसा ठेवला की एका माणसाचे चार फोल्डर होतात. आपल्या शाळेत यावर फार जुना उपाय आहे. जनरल रजिस्टरचा नंबर! मुलाचं नाव दुरुस्त होवो, आडनाव बदलो, रजिस्टर नंबर तोच राहतो. पन्नास वर्षांनी दाखला मागायला कुणी आलं तरी त्याच नंबरावरून पान उघडतं. तसाच प्रत्येक ग्राहकाला एक क्रमांक द्यायचा.

इथं त्यानं विचारलं, "मग आधार नंबरच वापरू की, तो तर प्रत्येकाचा वेगळाच असतो." हे अजिबात करू नका. बारा आकडी आधार क्रमांक फोल्डरच्या नावात घातला, तर दुकानात स्क्रीनकडं बघणाऱ्या कुणालाही तो दिसणार. क्रमांक आपला आपण द्यावा, साधा, आल्या क्रमानं.

क्रमांक चार आकडी ठेवला. एक नाही, ०००१. पुढची शून्यं कशाला? संगणकातली बरीच सॉफ्टवेअरं आकडे अक्षरांसारखे लावतात. तिथं १ नंतर १० येतो, मग १००, मग २. विंडोजचा फोल्डर आकडे ओळखून नीट लावतो, पण तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा ऑनलाइन साठवणीत गेली की क्रम विस्कटू शकतो. शून्यं लावली की सगळीकडं एकच क्रम. मुलांना हजेरीपत्रकात दाखवून बघा, पटकन कळतं.

त्याच्याकडं साधारण अठराशे ग्राहक निघाले. अठराशे फोल्डर एका खाली एक ठेवले तर माउसचं चाक फिरवून बोट दुखेल. म्हणून शंभर-शंभरांचे गठ्ठे केले : ०००१-०१००, ०१०१-०२०० असे अठरा. गठ्ठा हा शब्द मला आवडतो. पुण्यात पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधून ठेवलेले असत आणि त्या गठ्ठ्यालाच 'रुमाल' म्हणत. तहसीलच्या अभिलेख कक्षातही कापडात बांधलेले बस्ते असतातच. आपला फोल्डर हा तोच रुमाल, फक्त गाठ मारावी लागत नाही. मात्र खोली वाढवू नका. गठ्ठा, त्यात माणूस, त्यात फाइली, एवढं पुरे. 'कागदपत्रे' मध्ये 'ग्राहक' मध्ये 'जुने' मध्ये 'तपासलेले' असं सात थर खाली गेलात तर शोधायला वेळ लागतोच, शिवाय विंडोजमध्ये सेटिंग बदललेलं नसेल तर पूर्ण पत्ता साधारणपणे २६० अक्षरांत बसावा लागतो. लांब नावांचे थर झाले की एक दिवस फाइल कॉपीच होत नाही आणि कारण कळत नाही.

अठराशे फोल्डर हातानं करायचे नसतात. आधी एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात क्रमांक घ्या. एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं, म्हणून तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या. शेजारच्या रकान्यात सूत्र लिहून क्रमांकाच्या आधी 'एमडी' ही दोन इंग्रजी अक्षरं आणि एक मोकळी जागा जोडा. ही फोल्डर बनवायची जुनी आज्ञा, 'मेक डिरेक्टरी'चं लघुरूप. सूत्र खाली ओढलं की अठराशे ओळी तयार. त्या नोटपॅडमध्ये चिकटवा, फाइल सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडून नावाच्या शेवटी डॉट बॅट लावा. ती फाइल जिथं फोल्डर हवेत तिथं ठेवून डबल क्लिक करा. पहिल्यांदा पाचच ओळींवर करून बघा. आमचं पहिल्यांदा चुकलं. सूत्रात मोकळी जागा राहून गेली होती, एकही फोल्डर झाला नाही. दुसऱ्या वेळी सगळे फोल्डर डोळ्यांदेखत झाले आणि तो खुर्चीतून उठलाच!

फाइलचं नाव असं ठरवलं : क्रमांक, कागदाचा प्रकार, तारीख. उदाहरणार्थ '०४१७-रेशन-२०२४०६१५'. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आपण बोलताना दिवस आधी म्हणतो, पण संगणकाला तसं दिलं तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एका ठिकाणी जमा होतात. फोल्डरवर क्रमांक असताना फाइलच्या नावात पुन्हा क्रमांक कशाला, असं कुणी विचारेल. फाइल चुकून भलत्या फोल्डरात पडली तर तिचं घर तिच्या अंगावरच लिहिलेलं असावं म्हणून. जत्रेत लहान पोराच्या खिशात चिठ्ठी ठेवतात ना, तसं.

मी इथं नाव मराठीत लिहिलंय, पण संगणकात ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा. देवनागरी नावं विंडोजला चालतात. पण काही जुन्या सॉफ्टवेअरांत किंवा झिप करताना त्यांचे चौकोन होतात. शिवाय तिरकी रेघ, विसर्गासारखा कोलन, प्रश्नचिन्ह, तारका आणि दुहेरी अवतरणचिन्ह ही चिन्हं विंडोज नावात घेत नाही. तारखेत तिरकी रेघ घालायची आपली सवय तिथंच अडते.

कागदाच्या प्रकारांचे शब्द पक्के करून भिंतीवर यादी चिकटवली. आमची यादी अठरा शब्दांची झाली. शाळेच्या दाखल्याला एकदा 'टीसी', एकदा 'एलसी', एकदा 'दाखला' असं लिहिलं तर शोध लागणार नाही. केंद्रात एक मदतनीस मुलगी आहे, तिलाही तीच यादी. 'इतर' हा शब्द यादीत घालू नका. एकदा घातला की सगळं तिकडंच जातं, आमच्या शाळेतल्या 'किरकोळ' फाइलसारखं.

आता खरं कष्टाचं काम, ढीग उपसायचं. अकरा हजार फाइलींतून आधी दुबार फाइली काढल्या. आकारानुसार लावल्या की हुबेहूब सारख्या आकाराच्या शेजारी येतात. त्या उघडून, खात्री करूनच एक काढायची, नुसत्या आकारावर विश्वास नाही. नऊ हजारांच्या आसपास उरल्या. 

मग एक युक्ती सुचली, जिनं आमचे निम्मे कष्ट वाचवले. फाइली तारीख आणि वेळेनुसार लावल्या. एक माणूस समोर बसला की त्याचे सगळे कागद पाच-दहा मिनिटांत पाठोपाठ स्कॅन होतात. म्हणजे वेळेनुसार लावलं की एका माणसाचे आधार, रेशन, दाखला आपोआप ओळीनं उभे राहतात! एका कागदावर नाव वाचलं की पुढचे चार कुणाचे ते कळतं. यासाठी 'डेट मॉडिफाइड' हा रकाना धरा. कॉपी करताना फाइलची 'क्रिएटेड' तारीख बदलते, 'मॉडिफाइड' बहुधा तीच राहते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचं वेगळं. त्यांच्या नावातच तारीख असते, त्यामुळं ते बाजूला काढून नावानुसार लावले. 

फाइल न उघडता बाजूला बघायची असेल तर 'प्रीव्ह्यू पेन' चालू करा. नाव बदलायला एफ-२ दाबा, नाव टाइप करा आणि एंटरऐवजी टॅब दाबा. थेट पुढच्या फाइलचं नाव बदलायला मिळतं. रोज संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर तीनशे फाइली असा नेम धरला. दिवाळीची सुट्टी संपली, माझी शाळा सुरू झाली, तरी तो आणि ती मदतनीस मुलगी करत राहिले. मी शनिवारी दुपारी जायची.

जोडीला एक्सेलची नोंदवही केली. एका ओळीत एक ग्राहक : क्रमांक, पूर्ण नाव, गाव, कोणकोणते कागद आहेत. ज्याला नंबर आठवत नाही, आणि कुणालाच आठवत नाही, त्याचं नाव इथं शोधायचं, नंबर मिळवायचा, फोल्डर उघडायचा. 'हायपरलिंक' सूत्र लावलं तर नंबरावर क्लिक करून फोल्डरच उघडतो. आणि एक पडताळणी : सगळ्या फाइली निवडून, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की 'कॉपी ॲज पाथ' येतं. ती यादी एक्सेलमध्ये चिकटवून नोंदवहीशी ताडून पाहिली. सत्तावीस फाइली भलत्याच घरात सापडल्या. खिशातली चिठ्ठी कामाला आली.

पुढच्या स्कॅनिंगबद्दल थोडंच सांगते. साध्या कागदाला २०० ते ३०० डीपीआय पुरतं. जुना पिवळा, शाई उडालेला दाखला असेल तर ३०० आणि रंगीत. आधार, रेशनकार्डाच्या सगळ्या बाजू एकाच पीडीएफमध्ये. पोर्टलवर अपलोड करताना लहान आकार मागतात म्हणून मूळ स्कॅनच लहान करून ठेवू नका. मोठा मूळ ठेवा, लहान प्रत त्या वेळी बनवा, काम झालं की काढून टाका. एकदा पुसट केलेलं पुन्हा स्पष्ट होत नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं दोघांचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, "हे सगळं तू ठेवायचंच का?" तो म्हणाला, "बाई, लोकच म्हणतात, राहू दे तुझ्याकडं, पुन्हा आणायला नको." खरंय ते. पण अठराशे माणसांची आधार, पॅन, बँक पासबुकं एका पासवर्ड नसलेल्या संगणकात होती, आणि त्या संगणकावर त्याचा पुतण्या गेम खेळायचा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. माणसाची संमती घ्यावी, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरावी, काम संपल्यावर पुसावी असा त्याचा रोख आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपलं पासबुक असं कुठं पडलेलं आपल्याला चालेल का?

शेवटी तडजोड झाली. सरकारी कार्यालयात अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. 'अ' कायम जपायचे, 'ड' लवकर नष्ट करायचे. त्यावरून आम्ही ठरवलं : पासबुक, उत्पन्नाचे जुने दाखले, फोटो हे काम झालं की पुसायचे. आधारची मास्क केलेली प्रत चालत असेल तिथं तीच घ्यायची, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आजोबा-पणजोबांचे जुने पुरावे ग्राहकानं लिहून दिलं तरच ठेवायचे, आणि त्याची एक प्रत ग्राहकाच्या स्वतःच्या मोबाइलवर किंवा डिजिलॉकरमध्ये टाकून द्यायची. संगणकाला पासवर्ड लागला. पुतण्याला राग आला, तो आलाच!

सुरक्षित प्रतींचं गणित मुलांनाही पाठ होतं : तीन, दोन, एक. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक वेगळ्या जागी. केंद्राच्या संगणकावर एक, हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी त्याच्या घरी. ऑनलाइन सिंक म्हणजे सुरक्षित प्रत असं समजू नका. इकडं चुकून पुसलं की ते तिकडंही पुसलं जातं.

काम जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. दोनशे चौदा फाइली अजून 'ओळख पटवायची' या फोल्डरात आहेत. कुणाचा नुसता अंगठा आहे, कुणाच्या कागदाचा फक्त खालचा अर्धा भाग. दर रविवारी तो दहा फाइली घेऊन बसतो.

त्या बाईच्या सासऱ्यांचा दाखला डिसेंबरात सापडला. 'नवीन नवीन २' नावाच्या फाइलमध्ये, दुसऱ्याच कुणाच्या रेशनकार्डामागं, तिसऱ्या पानावर, उलटा. तोवर तिनं तालुक्याच्या जुन्या शाळेत दोनदा एसटीनं जाऊन रजिस्टरचा नवा उतारा काढला होता आणि मुलीला दुसऱ्या फेरीत प्रवेश मिळाला होता, हवं होतं ते कॉलेज नाही, पण मिळाला. त्यानं तिला फोन करून सांगितलं, प्रत मोबाइलवर पाठवली. ती म्हणाली, "आता धाकटीला लागेल, तेवढा नंबर सांगून ठेवा." त्यानं सांगितला, ०४१७. तिनं तो रेशनकार्डाच्या मागं पेनानं लिहून ठेवलाय.